नेलपॉलिशची लाल रेघ

माझ्या नखांना उभ्या जन्मात रंग लागला नाही, पण नेलपॉलिशच्या बाटल्या मात्र मी डझनांनी संपवल्या. कोपऱ्यावरच्या दुकानातली बाई दर वेळी माझ्या हातांकडे बघायची. नखांत ग्रीस, बोटांना चिरा, आणि मागते काय, तर लाल भडक, लवकर वाळणारं. एकदा न राहवून तिने विचारलंच, "वहिनी, लावता कुठे हो?" मी म्हटलं, "गाडीच्या पोटाला." तिला वाटलं मी थट्टा करतेय. खरं तेच होतं.

आमचे हे मिस्त्री होते. जुन्या गाड्यांचे. जुन्या म्हणजे भंगारातल्या नव्हेत, आजोबांनी घेतलेल्या, बापाने चालवलेल्या आणि आता नातवाने हौसेने जपलेल्या. इंजिनावर काम करणारे पुष्कळ सापडतात. यांचं काम त्याच्या खाली. चाकांना ज्या दांड्यांनी आणि स्प्रिंगांनी धरलेलं असतं ते सस्पेन्शन, त्याचे बोल्ट, आणि त्या बोल्टांना खाणारा गंज. ते म्हणायचे, इंजिन बिघडलं तर गाडी उभी राहते, माणूस शिव्या देतो आणि चालत घरी जातो. खालचा बोल्ट सुटला तर चाक आडवं होतं, आणि मग घरी कोण जाईल ते सांगता येत नाही. हे ते इतक्या शांतपणे सांगायचे की गिऱ्हाईक निमूट चावी ठेवून जायचं.

लोक त्यांना 'उद्या मिस्त्री' म्हणायचे. गाडी कधी मिळेल विचारलं की यांचं उत्तर ठरलेलं: उद्या. काम संपलेलं दिसत असलं तरी उद्या. कारण बोल्ट आवळले की गाडी एक रात्र स्वतःच्या वजनावर उभी ठेवायची, सकाळी एक फेरी मारून आणायची, मग परत खाली उतरून प्रत्येक बोल्ट बघायचा. त्याशिवाय चावी द्यायची नाही. एकाने तर घाई म्हणून फाटकात उभं राहून तमाशा केला होता. हे आत जाऊन जेवायला बसले. मला म्हणाले, "तोंड दुखेल त्याचं, पाणी नेऊन दे."

आमची शेड म्हणजे वर पत्रा, मधे एक खड्डा, खड्ड्यात उतरायला पाच पायऱ्या, भिंतीला लागून कामाचं टेबल. मागचं दार उघडलं की आमचं स्वयंपाकघर. खड्डा यासाठी की गाडी चाकांवरच उभी राहावी आणि माणसाने खाली जावं. जॅकवर गाडी लटकवून बोल्टांना शेवटचा आवळा द्यायचा नाही, असं यांचं ठाम मत. लटकलेल्या गाडीच्या सांध्यांमधले रबराचे बुश पिळवटून बसतात आणि पुढे फाटतात.

मी त्या खड्ड्यात कशी उतरले ते सांगते. यांच्या हाताखालचा माणूस काम सोडून गेला आणि यांची पंचाईत झाली. कारण यांचा एक नियम होता, जो बोल्ट आवळतो त्याने खूण करायची नाही. खूण म्हणजे नटापासून त्याखालच्या लोखंडी पट्टीपर्यंत एक लाल रेघ. नट जरा जरी फिरला तरी रेघ मोडते आणि लगेच दिसते. ती रेघ दुसऱ्याने मारायची, स्वतः तपासून. मी भाजी चिरत होते, यांनी हाक मारली. खाली उतरले तर हातात छोटी हातोडी दिली आणि दोन नटांवर मारायला लावली.

"काय ऐकू आलं?"

"पहिला टणकन वाजला. दुसरा दमलेला वाटला."

हे हसले. यांचं हसणं म्हणजे मिशीचा एक कोपरा हलायचा, बस्स. "झालं तर. आजपासून रेघ तू मारायची."

"आणि भाजी?"

"भाजी मी चिरतो."

एक दिवस चिरलीही. त्यानंतर काही चिरली नाही.

अशी एकतीस वर्षं गेली. लेक त्या शेडमध्ये रांगली, शिकली, लग्न होऊन लांब गेली. मी खड्ड्यात चढउतार करून गुडघे झिजवले. भांडणंही तिथेच केली, कारण खाली कोणाला ऐकू जात नाही. यांच्याशी भांडणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं. पण कामाच्या बाबतीत हा माणूस कधी खोटं बोलला नाही. एकदा एक मोठे गृहस्थ दुधाच्या रंगाची सुंदर गाडी घेऊन आले. खालचा पत्रा कुजला होता. म्हणाले, वरून लांबी भरून भोकं बुजवा, काळा रंग मारा, मला विकायचीच आहे. यांनी चावी त्यांच्या हातात ठेवली. "गंजावर रंग मारणारी दुकानं पुढे आहेत. इथे गंज आधी उघडा करतात." महिन्याचं मोठं काम गेलं. मी चार दिवस बोलले नाही. पाचव्या दिवशी बोलले, कारण मला न बोलता राहता येत नाही.

आता पुढचं कळायला यांचा आणखी एक नियम सांगायला हवा. नट आधी बोटांनी फिरवायचा, अगदी शेवटपर्यंत. पाना त्यानंतर. बोल्टावर जे आटे कापलेले असतात त्यात गंजाची एखादी खपली अडकली असली तर बोटं अडतात, आणि मग नट उतरवून आटे साफ करायचे. बोटांना न विचारता थेट पाना लावला तर नट त्या खपलीवरच जाम होतो. आमच्याकडे ठरलेला जोर लागला की खट् करणारा पाना होता, तोही फसतो. खट् म्हणतो. हातोडीखाली नट टणटणीत वाजतो. आणि प्रत्यक्षात त्याने काहीच धरलेलं नसतं. "गंज फार खोटारडा," हे म्हणायचे. "त्याला फक्त बोटांनीच पकडता येतं."

आणि यांची बोटंच गेली.

मला ते चहाच्या पातेल्यावरून कळलं. उकळता चहा, आणि हे चिमट्याशिवाय, फडक्याशिवाय पातेलं उचलून दोन कपांत चहा ओतताहेत, सावकाश. मी ओरडले तर माझ्याकडे बघत राहिले. मग स्वतःच्या तळव्याकडे बघितलं. तिथे फोड आला होता आणि यांना पत्ताच नव्हता. डॉक्टरांनी बोटांना सुई टोचून बघितली. यांनी डोळे मिटले होते, आणि डॉक्टर टोचताहेत की नाही तेही यांना सांगता येईना. डॉक्टर म्हणाले, साखर जुनी आहे, बोटांच्या नसा बधिर झाल्यात, त्या काही परत यायच्या नाहीत. घरी आल्यावर फाटक उघडता उघडता हे म्हणाले, "कोणाला बोलू नकोस."

"मी कोणाला बोलणार?" मी म्हटलं. तिथेच चूक झाली आमची, दोघांची.

दोन आठवड्यांनी एका गाडीखाली मी हातोडी मारली आणि नट दमलेला वाजला. आपलाच कान बिघडला असं वाटून परत मारली. तेच. हे वर नळावर हात धूत होते. मी पाना लावला, तो चांगला पाव वळसा फिरला आणि मग खट् झाला. एकतीस वर्षांत असं झालं नव्हतं. वर जाऊन सांगायला हवं होतं. पण वर बघितलं तर हे साबण हातात धरून उभे होते, आणि साबण कधीचा निसटून खाली पडला होता ते यांना कळलंच नव्हतं. माझ्याने सांगवेना. मी रेघ मारली आणि म्हटलं, "झालं."

मग ती सवयच झाली. हे वर गेले की मी पाना घेऊन सगळे बोल्ट पुन्हा आवळायची, आणि मग रेघ मारायची. मनाला म्हणायची, बायको कशाला असते? सात महिने चाललं हे. अकरा गाड्या.

बारावी हेडबाईंची. अर्ध्या गावाला त्यांनी शिकवलेलं, मलाही. शाळा सोडून पंधरा वर्षं झाली तरी बोलणं वर्गातलंच. त्यांच्या वडिलांची राखाडी गाडी होती. ती घेऊन त्या आपल्या दोन बहिणींबरोबर घाट उतरून समुद्रावर जाणार होत्या. "तिघींचं वय मिळून दोनशे बारा," त्या म्हणाल्या. "तेव्हा मिस्त्री, गाडी मात्र तरुण करून द्या."

पुढच्या डाव्या चाकाच्या खालच्या दांडीचा बोल्ट ज्या पट्टीतून जातो, तिथे यांनी स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि तो मुठीपर्यंत आत गेला. कोणे एके काळी कोणीतरी लांबी भरून वर काळा रंग फासला होता. मग नऊ दिवस काम चाललं. कुजलेलं कापलं, उरलेलं तारेच्या ब्रशने पांढरं होईतो घासलं, वेल्डरकडून नवी पट्टी जोडून घेतली, लाल प्रायमर मारला. बोल्ट मात्र जुनाच घालावा लागला, त्या मापाचा नवा कुठे मिळेना. तो रॉकेलमध्ये भिजवला, घासला. मी नेहमीसारखं मागून पाना लावला, खट् झालं. हातोडी मारली, टणकन वाजलं. रेघ मारली.

दुसऱ्या दिवशी हे फेरी मारून आले, गाडी खड्ड्यावर घेतली आणि बॅटरी घेऊन खाली उतरले. मी टेबल पुसत होते. खालून हाक आली, "खाली ये."

वॉशरभोवती तांबडी भुकटी जमली होती, चहाच्या बारीक चुऱ्यासारखी. एका फेरीत पट्टी बोल्टावर घासली गेली होती. आणि माझी रेघ मधोमध मोडली होती.

"काल वाजवून बघितलंस?"

"बघितलं. चांगला टणकन वाजला. आणि पाना पण खट्..."

जीभ चावली, पण शब्द गेला होता. हे माझ्याकडे वळले. बॅटरी यांच्या हातात तशीच, उजेड माझ्या चपलांवर.

"तू पाना का लावलास?"

मी हातातल्या फडक्याची घडी घालायला लागले.

"कधीपासून?"

"सात महिने."

"किती गाड्या?"

"अकरा. ही धरून बारा."

यांनी नट उतरवला. बोल्टाच्या आट्यांत मधेच तांदळाएवढी गंजाची खपली बसली होती. नट तिच्यावर जाम झाला होता. यांनी बोटांनी आधी फिरवला नव्हता, कारण बोटांना कळतच नव्हतं, आणि तिथे मीही माझी बोटं लावली नव्हती, कारण मला तर फक्त झाकायचं होतं. घाटात, तीन म्हाताऱ्या. मी पायरीवर बसले.

मला वाटलं हे ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. हे माझ्या शेजारी त्याच पायरीवर बसले आणि म्हणाले, "गंजावर रंग मारलास तू."

"मग काय करायचं होतं मी?" मी फणकारले. रडत होते आणि फणकारत होते. "तुमचं काम गेलं असतं तर तुम्ही जगला असता का? साबण हातातून पडलेला कळत नव्हता तुम्हाला. मला नाही बघवलं. नाही सांगवलं. कोणाला बोलू नकोस म्हणालं कोण?"

"मी," हे म्हणाले. "रंगाचा पहिला हात मी मारला. दुसरा तू." मग उठले. "अकरा जणांना फोन कर. गाड्या आणा म्हणावं. आज, उद्या, जमेल तशा, पण घाटात नेऊ नका म्हणावं."

"नाव जाईल हो."

"जाऊ दे. माणसं राहिली पाहिजेत."

मी फोन केले. हे फाटकात उभे राहायचे, गाडी आली की मालक उतरायच्या आत सांगायचे, "माझी बोटं बधिर झालीत. तुमचं काम मी केलं तेव्हाही झालेली होती आणि मी सांगितलं नाही. परत तपासून देतो." अकरा वेळा, तेच शब्द. कोणी खांद्यावर हात ठेवला, कोणी नुसतं बघत राहिलं. एकाने फार वाईट बोलून घेतलं, आणि हे मान खाली घालून ऐकत होते. तिघे नंतर कधी आलेच नाहीत. त्यांचंही काही चुकलं नाही.

दहा गाड्या ठीक निघाल्या. अकरावी फोटोग्राफरची. तो त्या गाडीतून आपल्या आईला आठवड्यातून दोनदा दवाखान्यात न्यायचा. मागच्या एका नटावर माझी रेघ शाबूत होती. हे म्हणाले, तरीही उतरव. मी पाना लावला, नट करकरत थोडा सुटला आणि मग माझ्या दोन बोटांवर फिरत आला. आत तसलीच खपली. यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मीच सगळा वेळ त्या नटाकडे बघत होते. माझ्या रेघेवर विश्वास ठेवून ती म्हातारी महिनोन्महिने मागे बसत होती.

हेडबाईंनाही यांनी पहिल्याच दिवशी तसंच सांगितलं होतं. बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "चूक सापडली कोणाला?"

"मलाच. आज सकाळी."

"मग गाडी इथेच राहील," बाई म्हणाल्या. "समुद्र कुठे पळून जात नाही."

त्या दिवशी आमची कामं बदलली. आटे मी साफ केले, नट मी बोटांनी फिरवला. हे शेजारी उकिडवे बसून विचारत होते, कुठे जड जातोय, कुठे हलका, दाणा लागतोय का. मी सांगत होते. शेवटचा आवळा मीच दिला. मग यांनी हातोडी घेतली. यांचे कान शाबूत होते. मारली, डोळे मिटून ऐकलं.

"परत."

मी पुन्हा नट उतरवला, आटे पुसले, आवळला.

"परत."

"अहो, जीव घेणार आहात का माझा?"

"परत."

तिसऱ्यांदा मान हलवली. मग नेलपॉलिशची बाटली मागितली. तो बारीक ब्रश यांना बोटांत धरलेला कळत नव्हता, म्हणून डोळ्यांनी बघून बघून धरला. रेघ वाकडीतिकडी आली, निम्मा रंग यांच्याच अंगठ्याला. मी पुसायला फडकं पुढे केलं तर म्हणाले, राहू दे.

हेडबाई समुद्रावर जाऊन आल्या आणि गाडीभर वाळू घेऊन आल्या. यांनी त्यांना, आपल्या बाईंना, चांगलं खडसावलं. खाऱ्या पाण्याने काय होतं माहीत आहे का, म्हणाले, आणि गाडीचं पोट तीनदा धुऊन घेतलं. बाई निमूट उभ्या होत्या. मला मनातून फार मजा वाटली.

अशी अडीच वर्षं आम्ही काम केलं. कामं थोडी यायची, पण यायची. हे आठवडाभर आजारी होते आणि गेले. शेवटी किडन्यांनी साथ सोडली. लेक आली, राहिली, चल म्हणाली, मी गेले नाही. शेडला कुलूप लावून बसले.

चौथ्या महिन्यात हेडबाई गाडी घेऊन फाटकात. वर्षाची तपासणी होती.

"काम बंद केलंय मी, बाई."

"का? हात आहेत ना?"

"आवळीन मी. पण ऐकायचं कोणी? रेघ कोणी मारायची? जो आवळतो त्याने..."

"माहीत आहे मला तो नियम," बाई म्हणाल्या. "कुलूप काढ."

त्या वयात त्या भिंतीला धरून पाच पायऱ्या उतरल्या. मी बॅटरी मारली. डाव्या बाजूच्या त्या बोल्टावर यांची रेघ होती, गेल्या वर्षीची. वाकडी, नटावरून घसरलेली, शेजारी पट्टीवर अंगठ्याचा लाल ठसा. मोडलेली नव्हती.

तपासणीची आमची रीत अशी की जुनी रेघ थिनरने पुसायची, मग पाना लावायचा, मग नवी रेघ. मी फडकं थिनरमध्ये भिजवलं आणि तशीच उभी राहिले.

"रेघ शाबूत आहे, बाई," मी म्हटलं. "म्हणजे घट्टच आहे. याला नको हात लावायला."

मला फोटोग्राफरची गाडी आठवली. तिथेही रेघ शाबूतच होती.

मी पुसली. ठसाही पुसला गेला, फडक्यावर गुलाबी डाग उमटला. नट उतरवला, आटे पुसले, बोटांनी शेवटपर्यंत फिरवला. कुठे अडला नाही. पाना लावला, खट् झालं. मला दिसत नव्हतं नीट. हातोडी बाईंच्या हातात दिली आणि काय ऐकायचं ते सांगितलं. शेजारचे दोन घट्ट नट आधी वाजवून दाखवले.

बाईंनी हातोडी मारली. कान नटाजवळ नेला. पुन्हा मारली. शाळेत पाढे ऐकताना जसा चेहरा असायचा तसाच चेहरा.

"परत," त्या म्हणाल्या.

मी पाना लावला. तो बोटभर फिरला आणि मग खट् झाला. डोळ्यांत पाणी होतं म्हणून पहिल्या वेळी मी पाना तिरका धरला होता.

बाईंनी पुन्हा वाजवून बघितलं आणि नेलपॉलिशसाठी हात पुढे केला. रेघ फळ्यावर मारावी तशी सरळ आली. मग भिंतीला धरून त्या वर चढल्या, चावी टेबलावर ठेवली, पदराला हात पुसले आणि म्हणाल्या, "येते मी उद्या."